नवऱ्याला फळ धरलं

मंगळवारी सकाळी निदिया अर्गेदासच्या टेबलावर एक पुडकं येऊन पडलं होतं आणि ते उघडायची तिला काही घाई नव्हती. डोंगराकडच्या तुर्रियाल्बा गावाच्या बसनं आलेलं, जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. अशी पुडकी चौतीस वर्षं तिच्याकडे येत होती. आत दाबून वाळवलेली एखादी फांदी असायची आणि हे झाड कुठलं, एवढंच विचारणारी चिठ्ठी. राजधानीत, सान होसेत, ती ज्या वनस्पती-संग्रहालयात काम करायची तिथे वाळलेल्या फांद्या कागदांवर चिकटवून लोखंडी कपाटांत रचून ठेवल्या होत्या. त्यांतली दोन कपाटं, अवोकाडो-तेजपान-दालचिनीच्या कुळाची, निदियाची. बाकीचे लोक त्या कुळाच्या वाटेला जात नसत. फुलं ज्वारीच्या दाण्याएवढी, पानं सगळी एका साच्यातली, आणि झाडं इतकी उंच की फुलोरा आला हे तो खाली गळाल्यावरच कळायचं. डिसेंबरात ती निवृत्त होणार होती. तिनं आधी फडक्याच्या गाळणीतून कॉफी गाळली, खिडकीशी उभं राहून अर्धी प्याली, मग सुतळीची गाठ नखानं सोडवत बसली. गाठ कापायची नाही, हे तिच्या आईचं वळण. कागद उलगडला, फांदी पाहिली आणि कपाकडे निघालेला तिचा हात मधेच थांबला. पान अरुंद होतं. देठाशी पानाची कड दोन्ही बाजूंनी आत मुडपून दोन चिमुकल्या घड्या पडल्या होत्या. हे पान तिनं झोपेतसुद्धा ओळखलं असतं. हा नर होता. आणि या नराला फळं लागली होती. तीन, करवंदाएवढी, तांबड्या पेल्यांत नीट बसवल्यासारखी. फांदीखाली वहीचा अर्धा कागद होता. ‘दोन्या निदिया, किसार्रा बाळंत झाला. आता नवऱ्याचं काय करायचं? – एलादियो उगाल्दे, ला सोर्दा.’

तिला आधी हसू आलं. मग, हसू ओठावर असतानाच, तिनं खालचं नाव पुन्हा वाचलं. एलादियो उगाल्दे जिवंत आहे, हा पहिला धक्का. तिच्या हिशेबी तो केव्हाच गेला होता. कोणी तसं सांगितलेलं नव्हतं, तिनंच कधीतरी, सोय म्हणून, त्याला मारून टाकलं असावं. तिनं फोन उचलला. पुडक्यावर योर्लेनीचं नाव होतं. योर्लेनी तिची जुनी विद्यार्थिनी, आता तिकडे डोंगरातच एका छोट्या संशोधन केंद्रावर कामाला, पण अजून तिला आदरानं ‘दोन्या’, म्हणजे ‘बाई’, अशीच हाक मारणारी.

“पोचलं का, दोन्या?” योर्लेनीनं विचारलं. “रागावलात?”

“फांदी कोणी काढली?”

“काढली मी. दाखवली त्यांनी. त्र्याऐंशी वर्षांचे आहेत, डोळ्यांनी धड दिसत नाही, पण चालताना मी मागे आणि ते पुढे. खोडाला नख लावायचं, बोट नाकाशी न्यायचं, आणि म्हणायचं, हा नाही, पुढे चला.”

“आणि चिठ्ठी?”

“ती त्यांनी सांगितली, मी लिहिली. म्हटलं, दॉन एलादियो, बाईंना वाईट वाटेल. तर म्हणाले, वाटू दे की. मला तीस वर्षं वाटतंय, त्यांना एक दिवस वाटलं तर काय झालं?”

फोन ठेवल्यावर तिनं भिंग पुसून फांदी पुन्हा पाहिली. खरं म्हणजे दहा मिनिटांत सगळं कळलं होतं. तरी उरलेला दिवस तिनं ते न कळण्यासाठी खटपट केली. अरुंद पानाच्या जुन्या फांद्या कपाटातून काढल्या, एक वाळकं फूल पाण्यात उकळून मऊ केलं, दोन सुयांनी भिंगाखाली उलगडलं. नऊ पुंकेसर, प्रत्येकाला चार बारीक झडपा. परागकण बाहेर पडले की त्या झडपा वर उघडून राहतात, चार खिडक्या उघड्या टाकून घरातली माणसं गावाला गेल्यासारख्या. हे फूल नराचंच होतं, त्यात तिची चूक नव्हती. मग नव्या फांदीवरची फळं? एखादी विकृती असेल. संकर असेल. योर्लेनीनं दोन झाडांच्या फांद्या एकत्र बांधल्या असतील. असं एकेक कारण ती पुढे करायची आणि तेच बोट त्या मुडपलेल्या कडेवरून फिरवायची. फळं त्याच डहाळीला होती, देठासकट. तोडून चिकटवलेली नव्हती. जगात काही गोष्टी चिकटवता येत नाहीत, असं तिच्या मनात आलं, आणि त्यासरशी ला सोर्दाचा डोंगर जसाच्या तसा समोर येऊन उभा राहिला.

एकतीस वर्षांपूर्वीचा मार्च. ती तिशीची होती, प्रबंध अर्ध्यावर होता, आणि परदेशातल्या विद्यापीठानं दिलेली मुदत सप्टेंबरात संपत होती. पंधरा दिवस त्यांचा तळ डोंगरावर पडलेला: ती, दोन विद्यार्थी, एक स्वयंपाकी आणि झाडांवर चढायला एलादियो. पायांत दोराचा फास अडकवून तो चाळीस मीटर वर जायचा आणि वरून फांद्या तोडून खाली टाकायचा. खाली उतरून हातानं ढीग वेगळे करायचा. “दोन्या, ही इरा. हा किसार्रा. वेगळ्या गोणीत भरा, मिसळू नका.” तिनं विचारलं, वेगळे कशावरून? तो म्हणाला, “कशावरून म्हणजे? तुमची आई आणि तुमची मावशी वेगळ्या कशावरून?” त्या दुपारी ताडपत्रीखाली बसून तिनं भिंगातून फुलं उघडून पाहिली. अरुंद पानांच्या पाचही झाडांची फुलं नराची. रुंद पानांच्या चारही झाडांची मादीची. या गटात काही जातींत नर-मादीची झाडं वेगळी असतात, हे तिला पाठ होतं. आणि त्या क्षणी सगळं जाग्यावर बसलं. तो आनंद तिला अजून अंगावर आठवत होता: मानेच्या मागून डोक्यात काहीतरी चढत गेलं, ताडपत्रीवरून टपटपणारं धुकं, ओल्या कपड्यांचा वास, सगळं एकदम लख्ख झालं. दोन नव्हे, एकच जात! पानांतला फरक म्हणजे नर-मादीतला फरक. असं या कुळात आजवर कोणी दाखवलं नव्हतं. संध्याकाळी भात-घेवड्याची ताटं हातात घेऊन सगळे बसले, तेव्हा ती म्हणाली, “दॉन एलादियो, तुमचा किसार्रा कोण आहे कळलं का? इराचा नवरा!” सगळे खो खो हसले. स्वयंपाकी म्हणाला, “तरीच एवढा वाळलाय बिचारा!” आणि पुन्हा हशा. एलादियोही हसला, परक्याच्या घरी हसावं तसा, बेतानं. मग ताट खाली ठेवून म्हणाला, “दोन्या, किसार्र्यालाही फळ धरतं. ऑक्टोबरात. मी पाहिलंय.”

“इराचं पाहिलं असेल तुम्ही.”

“इराचं फळ केत्साल पक्षी गिळतो. किसार्र्याचं चोचीत धरतो न् टाकून देतो. पाखरू माझ्याशी खोटं कशाला बोलेल?”

आणि मग तिनं त्याच्या खांद्यावर थोपटलं. तो तिच्यापेक्षा बावीस वर्षांनी मोठा होता. एकतीस वर्षांत तिला तळावरच्या माणसांचे चेहरे पुसट झाले, एका विद्यार्थ्याचं तर नावही आठवेना, पण आपला तळहात आणि त्याखालचा तो हाडकुळा, घामानं ओला खांदा मात्र तिच्यापाशी राहिला होता. आजवर ती त्याला आपुलकी समजत आली होती.

त्या नऊ झाडांत योगायोगानं अरुंद पानाचे सगळे नर आणि रुंद पानाच्या सगळ्या माद्या हाती लागल्या होत्या; किसार्र्यातही माद्या होत्या, फळ धरणाऱ्या. ऑक्टोबरापर्यंत थांबता आलं असतं का? ऑक्टोबरात डोंगरावर पाऊस कोसळतो, रस्ता खचून दरीत जातो, पुलावरून पाणी जातं. पण ती थांबली नाही याचं कारण पाऊस नव्हता, सप्टेंबरची मुदतही नव्हती. ऑक्टोबरात गेलं असतं आणि खरोखर फळ दिसलं असतं तर तो आनंद परत द्यावा लागला असता. हे तिला तेव्हा ठाऊक होतं का? नव्हतं, असं ती संग्रहालयाला कुलूप लावताना स्वतःशी म्हणाली; आणि जिना उतरेपर्यंत तिचं तिलाच ते पटेनासं झालं. प्रबंध वेळेत झाला. पुढे दोन वर्षांनी पुस्तक निघालं. त्यात दोन्ही झाडं एका लॅटिन नावाखाली गेली आणि पुढे लिहिलं गेलं: देशात सर्वदूर, विपुल. रुंद पानाची इरा खरोखरच सर्वदूर होती. अरुंद पानाचा किसार्रा ला सोर्दाच्या डोंगरापलीकडे कोणी पाहिलेला नव्हता. पण तो एकदा इराचा नवरा ठरल्यावर त्याचा वेगळा पत्ता कोण शोधणार?

घरी जाताना रोजच्याप्रमाणे टॅक्सीवाल्यानं पत्ता विचारला आणि रोजच्याप्रमाणे तिनं सांगितला: जुन्या अंजिरापासून दोनशे मीटर दक्षिणेला. अंजीर कधीच गेलेला. शहराला त्याचं काही नव्हतं. झाड गेलं तरी दोनशे मीटर तिथूनच मोजायचे. टॅक्सीच्या काचेवर पाऊस उतरत होता, सिग्नलचे दिवे त्यात फुटत होते, आणि तिला ते पत्र आठवलं. म्हणजे दिवसभर ते आठवत होतंच, नुसतं वळून बघितलं नव्हतं. पुस्तक निघाल्यावर पाच वर्षांनी आलेलं. शाळकरी मुलीच्या गोल अक्षरात: ‘माझे वडील सांगतात आणि मी लिहिते. वरचा डोंगर कुरणासाठी साफ करणार आहेत. वनखात्याचा माणूस म्हणतो की किसार्रा सगळीकडे आहे, तसं दोन्या निदियाच्या पुस्तकात आहे. वडील म्हणतात, दोन्या, तुम्ही या आणि एकदा परत बघा. खाणं आमच्याकडे.’ त्या वर्षी तिचा घटस्फोट चालू होता, मुलगा गोवरानं आजारी होता, विभागात माणसं कमी होती. ही सगळी कारणं खरी होती. तरी उत्तर पाठवायला तिला पाच मिनिटं लागली होती, आणि ती पाच मिनिटं तिच्याकडे होती. ‘ही जात देशात सर्वदूर आढळते. चिंतेचं कारण नाही. तुमच्या आस्थेबद्दल आभार.’ खाली सही, शिक्का.

शनिवारी ती पहिल्या बसनं निघाली. तुर्रियाल्बापर्यंत कान दोनदा बंद झाले नि सुटले. पुढे योर्लेनीनं आपल्या जीपमधून नेलं. वाटेत ती चाचरत म्हणाली, “दोन्या, लेख आपण दोघी लिहू. आणि त्यात ‘पूर्वी एकत्र गणलेली’ असं म्हणू. कोणी गणली ते ज्याला शोधायचंय तो शोधेल. सगळे असंच लिहितात.” ही वाट आपल्याला सापडेल, हे निदियाला मंगळवारीच माहीत होतं. ती दुसऱ्यानं दाखवली याचं बरं वाटलं आणि बरं वाटल्याची लाज वाटली. बाहेर डोंगराचा माथा दिसू लागला. पूर्वी जिथे ढगांत घुसलेलं रान होतं तिथे आता गवत होतं, अगदी हिरवंगार, देखणं, आणि त्यावर काळ्या-पांढऱ्या गाई. ज्याला ठाऊक नाही तो गाडी थांबवून फोटो काढेल, असं. “आता खालच्या दरीतून कुरणवाल्याला रस्ता काढायचाय,” योर्लेनी म्हणाली. “अर्ज गेलाय. उरलेले किसार्रे त्या दरीतच आहेत. मला अकरा सापडले. उतार म्हणून राहिले.”

एलादियो पडवीत बसला होता. अंगानं निम्मा झालेला, डोळ्यांत दूध उतरलेलं. त्याची मुलगी सीनिया, पत्रातलं ते गोल अक्षर हिचंच, आता चाळिशीला टेकलेली, आतून गुळाचं गरम पाणी आणि चीज घेऊन आली. तिनं निदियाकडे फक्त एकदा पाहिलं आणि कप ठेवून दाराला टेकून उभी राहिली, हात बांधून.

“आवाजावरून वाटत नाही एवढं वय झालंय म्हणून,” एलादियो म्हणाला. “बसा, दोन्या. नवरा कसा आहे?”

“कुठला? माझा की इराचा?”

तो मनापासून हसला, खोकला, डोळे पुसले. “दोघेही गेले म्हणा की!”

आता बोलायचं, असं निदियानं ठरवलं. बसमध्ये तिनं वाक्यं जुळवली होती. ती सगळी प्रबंधासारखी होती. ती म्हणाली, “दॉन एलादियो, तुम्ही सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. नंतर पत्र आलं, तेव्हाही आले नाही. मला यायला हवं होतं.”

“हवं होतं,” सीनिया दारातून म्हणाली. “तुमचं उत्तर आलं तेव्हा बाबांनी मला ते चारदा वाचायला लावलं. त्यांना वाटलं मी मधलं काही गाळतेय.”

“सीनिया,” म्हातारा म्हणाला.

“नाही बाबा, म्हणू दे ना. तेरा वर्षांची होते मी. मला वाटलं माझ्याच अक्षरामुळे बाईंना कळलं नाही.”

पन्हाळीतून पाणी ठिबकत होतं. मग एलादियो, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल सांगतोय असा, सांगू लागला. “तुम्हाला एक माहीत नाही, दोन्या. ती झाडं कापली कुणी? मी कापली. गावात यंत्रकरवत चालवणारा मीच. वनखात्याच्या माणसाला म्हटलं, हा इरा नाही. त्यानं तुमचं पुस्तक उघडून माझ्यासमोर धरलं. मला वाचता येत नाही हे त्याला माहीत नव्हतं, मी पण सांगितलं नाही. नुसतं बघितलं. म्हटलं, बाईंनी लिहिलंय, त्यांना भिंगातून दिसतं, मला कुठे दिसतं? कदाचित नवराच असेल. आणि कापली. तीन आठवडे. प्रत्येक वेळी करवत आत गेली की तो वास यायचा, हिरव्या संत्र्याच्या सालीसारखा, आणि मला कळायचं की हा इरा नाही. तरी कापत राहिलो. म्हणून मला राग होता तो नुसता तुमचा नव्हता, माझाही होता. चिठ्ठीत तेवढं लिहायचं राहिलं.”

निदियाला वाटलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवावा. तिनं तो मांडीखाली धरून ठेवला.

दुपारी ते दरीत उतरले. तिचा उजवा गुडघा दर पावलाला बोंबलत होता. पुढे म्हातारा, हातात काठी, मधूनमधून थांबून तिच्यासाठी ताटकळणारा. ती चौतीस वर्षं या कुळाची मालकीण होती आणि तिनं जिवंत किसार्र्याला शेवटचा हात लावला होता तो तिशीत. झाड साधं होतं. करडं खोड, फार सरळही नाही, वर धुक्यात हरवलेलं. सुंदर झाड वाचवावं असं वाटणं सोपं असतं, तिच्या मनात आलं. हे सुंदर नव्हतं, फक्त दुसरं होतं. एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि तेवढंच तिनं नाकारलं होतं. एलादियोनं सालीला नख लावलं, बोट तिच्या नाकाशी धरलं. मग दहा पावलांवरच्या इराला नख लावलं, दुसरं बोट धरलं. तिला दोन्ही सारखेच वाटले. उग्र, गोडसर, थोडे मिरीसारखे. तसं ती म्हणालीही, खरं ते. “होईल सवय,” तो म्हणाला.

पुढचे पाच आठवडे तिनं लिहिलं. लेखात एक वाक्य तिनं योर्लेनीला न विचारता घातलं: या दोन जाती एकच असल्याचं प्रस्तुत लेखिकेनं पूर्वी प्रसिद्ध केलं होतं, ते चूक होतं, आणि दोन्ही वेगळ्या आहेत हे एलादियो उगाल्दे यांनी त्याच वेळी तिला सांगितलं होतं. योर्लेनी वाचून म्हणाली, “संपादक काढतील हे.” निदिया म्हणाली, “काढू देत. मी परत घालीन.” मसुद्याची एक प्रत योर्लेनी वनखात्याच्या कचेरीत घेऊन गेली आणि रस्त्याचा अर्ज, झाडांची पाहणी होईपर्यंत, थांबवून ठेवण्यात आला. पाहणी म्हणजे काय आणि किती दिवस, ते कोणी सांगितलं नाही. नावाचं मात्र ठरत नव्हतं. निदियाच्या मनात एलादियोचंच नाव लॅटिन करून द्यायचं होतं. फोनवर त्यानं साफ नाही म्हटलं. “ज्यानं कापली त्याचं नाव झाडाला? भलतंच! आणि त्याला आहे की नाव. किसार्रा. त्याला तेच माहीत आहे.”

छापायला पाठवायच्या आदल्या शनिवारी ती पुन्हा ला सोर्दाला गेली, मसुदा घेऊन. यावेळी सीनियानं कपाबरोबर खुर्चीही आणून ठेवली. निदियानं वर्णन वाचायला घेतलं, शास्त्राची भाषा सोडून, साध्या शब्दांत: झाड तीस मीटरपर्यंत. साल करडी, आतून केशरी. पान अरुंद, तळाशी कड आत मुडपलेली. म्हातारा मान डोलवत होता. पोराच्या शाळेचा निकाल ऐकावा तसा. “पानाची मागची बाजू गुळगुळीत,” तिनं वाचलं.

“नाही,” एलादियो म्हणाला.

“काय नाही?”

“गुळगुळीत नाही. कोवळी असताना लव असते. शिरेच्या दोन्ही अंगांना. नंतर झडते.”

तिनं सतरा फांद्या तपासल्या होत्या, भिंगाखाली, एकेक. लव असती तर दिसली असती. “दॉन एलादियो,” ती म्हणाली, आणि पुढचं वाक्य तोंडात तयार होतं, समजावणीच्या सुरातलं, हसतं. तिला त्याचा सूर ऐकू आला. ती थांबली. सतराही फांद्या फळांच्या किंवा फुलांच्या होत्या. म्हणजे जून पानांच्या. कोवळी पालवी कोणी गोळाच केली नव्हती.

“कुठे मिळेल पालवी?” तिनं विचारलं.

“मोरीपलीकडे एक रोप आलंय, आपोआप. सीनिया दाखवेल.”

सीनियानं रबरी बूट दिले. अंगणातून खाली, मोरीच्या पलीकडे, कमरेएवढं रोप होतं. शेंड्याला चार पानं, तांबूस, अजून पुरती उलगडलीही नव्हती. निदिया ओल्या मातीत गुडघ्यावर बसली, त्या गुडघ्याचा विचार न करता, आणि पान उलटं करून भिंग लावलं. आधी काही दिसेना. तिच्या डोळ्यांतही हल्ली एक पडदा येऊ लागला होता. तिनं पान उजेडाकडे थोडं कलवलं, श्वास धरला, फिरवून पुन्हा पाहिलं. मागे सीनिया उभी होती, आणि वर पडवीत म्हातारा, मान एका बाजूला कलती करून, ऐकत असल्यासारखा.

“बाबा विचारतायत, दिसलं का?” सीनिया म्हणाली.

निदियानं भिंग आणखी जवळ नेलं. शिरेच्या डाव्या अंगाला, मग उजव्या, अगदी बारीक, चंदेरी, एका दिशेला झोपलेली.

“आहे म्हणावं,” ती म्हणाली, आणि खिशातून पेन्सिल काढून ‘गुळगुळीत’वर काट मारली.